पिंपल्सच्या नावाखाली २१,००० रुपये उकळले, वर पोरीचा चेहरा बिघडवला

पिंपल्स घालवून देतो म्हणणाऱ्या एका दुकानात दिलेल्या पैशांचा हिशेब आधी देते. तपासणी ३०० रुपये, 'अ‍ॅक्ने पॅकेज' १४,५००, नंतर 'डिटॉक्स' म्हणून ६,२००. एकूण २१,०००. पावती मिळाली फक्त १४,५००ची, तीवर 'ब्युटी सर्व्हिस' लिहिलंय. त्यांनी दिलेल्या क्रीमचं नावसुद्धा नाही. हे मुद्दाम केलेलं असतं.

जाहिरात कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. आत गेलं की पांढरा कोट, चेहऱ्यावर फिरवायचं मशीन, स्क्रीनवर लाल ठिपके आणि 'आजच भरलेत तर सूट'. माझी लेक बारावीला. क्लासला स्कार्फ बांधून जायची, कोणी फोटो काढतोय म्हटलं की उठून आत जायची. मुलतानी माती, हळद, तेलकट बंद, सगळं करून झालं होतं. मला नावं ठेवणाऱ्यांनी घरात अशी पोर असताना काय केलं असतं ते आधी सांगावं. कोट घालून बसलेल्या माणसाला डॉक्टर समजले, हा काय माझा गुन्हा?

त्यांनी एक पांढरी प्लास्टिकची डबी दिली. झाकणावर पेनाने 'नाईट' एवढंच. ना औषधाचं नाव, ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी. मी विचारलं होतं. 'आमचं स्वतःचं फॉर्म्युलेशन आहे ताई, बाहेर मिळत नाही.' आणि आठवड्याभरात पुळ्या बसल्या, चेहरा उजळला! दोन नातेवाइकांना मीच पत्ता दिला. आता त्यांच्यासमोर जायची लाज वाटते.

खरी खूण पुढे होती, ती आठवली की अजून अंगाची आग होते. डबी संपली, नवी यायला वेळ लागला, तेवढ्यात चेहरा लालबुंद, जळजळ, पूर्वी कधी नव्हत्या इतक्या पुळ्या. नवी डबी लावताच सगळं शांत. फोन केला तर म्हणे, 'आतली घाण बाहेर पडतेय', आणि गळ्यात मारली ६,२०० रुपयांची पावडर. लावलं की बरं, सोडलं की भडका! तिथेच उठायला हवं होतं. गालांवर बारीक लाल शिरा आणि हनुवटीवर लव दिसायला लागली, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. चेहरा बघूनच ते म्हणाले, 'ही स्टेरॉईडची लक्षणं आहेत.'

पिंपल्स येतात कसे? वयात येताना तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत जीवाणू वाढतात आणि सूज येते. स्टेरॉईड ती सूज तेवढी दाबतं. मूळ तसंच राहतं आणि वरची कातडी पातळ होते. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन यांसारख्या खऱ्या औषधांनाही नीट फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. आठवड्यात चेहरा साफ करून देतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. असलं क्रीम आधीच सुरू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून सोडा.

आता आपले साहेब लोक. पोलीस म्हणाले, 'क्रीम तुम्हीच लावलंत ना? पैशांचा व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा.' औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात उत्तर मिळालं, 'डबीवर उत्पादकाचं नाव नाही, कारवाई कोणावर करायची?' अहो, नाव नाही हीच तर तक्रार आहे! डॉक्टरांच्या नोंदणीचं विचारायला गेले तर, 'ते नोंदणीकृत डॉक्टर नाहीत, आमच्या अखत्यारीत येत नाही.' म्हणजे खरा डॉक्टर चुकला तर चौकशी, आणि डॉक्टर नसताना कोट घालून बसलेला मोकाट! २०१८ साली सरकारने स्टेरॉईड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. अंमलबजावणी कोण करणार? दुकान आजही उघडं आहे, जाहिरात आजही चालू आहे.

भिंतीवर नोंदणी क्रमांक नसेल तर तिथे बसूच नका. रोख देऊ नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करा. रिकामी डबी टाकू नका, मेसेज पुसू नका.

आणि उपचाराआधी चेहऱ्याचे फोटो काढून ठेवाच. समोरचे आता म्हणतात, चेहरा आधीपासूनच असा होता. पोर फोटो काढू देत नव्हती, त्यामुळे आमच्याकडे एकही नाही. पहिल्या दिवशी मशीनवर काढलेले सगळे फोटो त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि ते द्यायला तयार नाहीत. ते हजर करायला लावा, असा अर्ज मी आयोगात दिला आहे.