दोन एचपीची कडबा कुट्टी: चार-पाच जनावरांना पुरते का?

पुरते, पण वायर आणि पाती नीट असतील तरच. सांगली-मिरजेच्या दुकानांत घरगुती म्हणून मांडलेली बरीचशी मशीन दोन एचपी, सिंगल फेज, दोन पात्यांची असतात. बिनरोलरच्या मशीनला चारा हाताने ढकलावा लागतो. रोलरचं मशीन पेंडी स्वतः ओढतं आणि दांडा ओढला की उलटं फिरतं. पैसे जास्त पडले तरी हेच घ्या. बिनरोलरमध्ये शेवटची मूठभर काडी ढकलताना बोटं पात्याजवळ जातात. चाऱ्याचं ताट हातापेक्षा लांब हवं. दुकानातच, मशीन बंद असताना, हात घालून बघा.

पत्रकावरच्या ताशी किलोवर फार जाऊ नका. ओल्या मक्याला जो आकडा निघतो तो जत-आटपाडीच्या वाळल्या शाळूला निघत नाही.

खरी परीक्षा वाड्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची. साखर कारखाने चालू झाले की वाळवा, पलूसकडे गोठ्यात वाडंच असतं. लांब पानं रोलरच्या शाफ्टला गुंडाळतात, बेल्ट घसरतो, रबर जळाल्याचा वास येतो. वाडं कांडीकडून घाला, शेंड्याकडून नको. आणि कुट्टी केली म्हणून वाड्यातलं ऑक्झॅलेट जात नाही. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, तेव्हा मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण चालूच ठेवा.

मोटार गुणगुणली पण फिरली नाही तर बटण लगेच बंद करा. व्होल्टेज कमी आहे किंवा कपॅसिटर गेलाय. तसंच दाबून धरलं तर वाइंडिंग जळतं. मीटरपासून गोठा लांब असेल तर 2.5 ऐवजी 4 चौरस मिमीची तांब्याची वायर ओढा. मशीन रिकामं चालू करायचं, वेग घेतला की मग चारा. अर्ध्या तासाला साधारण एक युनिट जातं, म्हणजे बिलाची धास्ती नको.

काडी कापली न जाता पिंजल्यासारखी बाहेर आली की धार गेली असं समजा. धार फक्त उताराच्या बाजूने लावायची, दोन्ही पाती एकाच वेळी काढून, आणि वजन सारखं ठेवून. नाहीतर चाक हादरतं, बोल्ट सैल होतात. फिरतं आणि स्थिर पातं यांत पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट. पात्याचे बोल्ट हाय टेन्साइलच घाला; साधा बोल्ट तुटला तर पातं मशीनचं आवरण फोडून बाहेर येतं.

तुकडा पाऊण ते एक इंच ठेवा. भुगा केला तर रवंथ कमी होतो, दुधाचं फॅट उतरतं.

पेंडीला तार बांधलेली असेल तर आधी ती सोडून मोजून बाजूला टाका. अख्ख्या कडब्यातली तार जनावर कधीकधी टाळतं. कुट्टीत मिसळलेला तुकडा थेट पोटात जातो, आणि तिथून हृदयापर्यंत.

दोन-तीन शेळ्याच असतील तर एवढा खर्च नको, हाताने चाक फिरवायची कुट्टी भरपूर झाली.