फेअरट्रेडची छाप की थेट मळ्यातून?

बेलापूरच्या एका ऑफिसात प्रश्न पडलाय: पॅन्ट्रीसाठी फेअरट्रेड कॉफी (शेतकऱ्याला किमान दराची हमी देणारी प्रमाणपत्राची छाप असलेली) घ्यावी, की ‘थेट शेतकऱ्याकडून’ म्हणून मिळणारी?

शेतकऱ्याच्या हाती काय पडतं, ते आधी पाहू. फेअरट्रेडमध्ये धुतलेल्या, न भाजलेल्या अरेबिकाचा (अरेबिका ही कॉफीची एक जात) किमान दर २०२३ पासून पौंडाला (साधारण अर्ध्या किलोला) १.८० डॉलर आहे. बाजार कोसळला तरी तो मिळतो, बाजार वर गेला तर बाजारभाव मिळतो. शिवाय पौंडाला २० सेंट प्रीमियम, म्हणजे वरची जादा रक्कम; ती कशावर खर्चायची ते शेतकरी संघाचे सभासद ठरवतात. भाजताना वजन १५-२० टक्के घटतं, म्हणजे भाजलेल्या किलोमागे प्रीमियम जेमतेम अर्धा डॉलर. दर आणि प्रीमियम, दोन्ही जातात संघाकडे. दरातून प्रक्रिया, वाहतूक, प्रमाणपत्राचा खर्च वजा होऊन उरतं ते शेतकऱ्याचं. आणि संघाचा सगळा माल या दराने उचलला जाईलच असं नाही.

थेट खरेदीत दर कितीतरी चांगला असू शकतो, पण तो तपासणारं तिसरं कुणी नसतं. म्हणून विक्रेत्याला विचाराच: किलोला किती दिले, किती हंगाम घेताय, मळा किती एकरांचा? शेकडो एकरांच्या इस्टेटीची कॉफीही ‘थेट’च असते!

टिकण्यात दोन्ही सारख्या. भाजल्याची तारीख पाहा; पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत दळलेली कॉफी लवकर उतरते, तेव्हा बिया घेऊन लागेल तशी दळा.

पॅन्ट्री मोठी आणि चौकशीला वेळ नसेल, तर फेअरट्रेड घ्या. दहा-बारा जणांना महिन्याला दोन-तीन किलो पुरत असेल आणि विक्रेता आकडे उघड सांगत असेल, तर थेट खरेदीच करा.