अग्निवीर, एसएससी जीडी की पोलीस शिपाई: आधी कोणतं दार बंद होतंय ते बघा

तिन्ही भरत्यांची मुलं एकाच मैदानावर पळतात आणि निवड मात्र पगार ऐकून करतात. आमचं मत वेगळं आहे: पहिल्यांदा वय आणि उंची मोजा. अग्निवीर जनरल ड्युटीला (सैन्यातली चार वर्षांची सेवा) वय साडेसतरा ते साधारण २१-२२ (नेमकी मर्यादा चालू जाहिरातीत बघा), एसएससी जीडीला (स्टाफ सिलेक्शन कमिशनची जनरल ड्युटी शिपाई भरती: बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ वगैरे) १८ ते २३, आणि महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाला खुल्या गटात २८ पर्यंत, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. मुलांची किमान उंची, सवलती सोडल्या तर, अनुक्रमे १६८, १७० आणि १६५ सेंमी. म्हणजे उंचीची सवलत लागू नसलेल्या १६६ सेंमीच्या मुलाने पहिल्या दोन भरत्यांत वर्षं घालवू नयेत. पोलिसला बारावी लागते. बाकी दोन्हीकडे दहावी चालते, पण अग्निवीरला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत.

मैदानात खरा फरक पडतो. अग्निवीरला १.६ किमी साडेपाच मिनिटांत मारलं तर ६० गुण, दहा बीमला (पुल-अप्स) ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग फक्त पास व्हायचे. पोलिसला मैदानी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. निम्मे गुण नसतील तर लेखीचा विचारच नको. एसएससीत ५ किमी २४ मिनिटांत पळायचं, पण त्याला गुण नाहीत. तिथे सगळा निकाल लेखीवर.

पोलीस भरतीत सर्वाधिक नुकसान गोळ्यात होतं. मुलं सहा महिने नुसती पळतात आणि ७.२६० किलोचा गोळा शेवटच्या आठवड्यात हातात घेतात. मग तो नुसत्या हाताने ढकलला जातो, सहा मीटरवर पडतो आणि खांदा दुखावतो. जोर मागच्या पायातून, कमरेच्या वळणातून यायला हवा. आठवड्यातून दोन दिवस खऱ्या वजनाचाच गोळा फेका. रोज डांबरी रस्त्यावर पळणाऱ्यांच्या नडग्या भरतात. मातीचा ट्रॅक धरा, एक दिवस विश्रांती ठेवा.

लेखीत पोलिसची १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला गुणकपात नाही, आणि मराठी व्याकरण हा स्वतंत्र विषय. मराठी माध्यमाच्या मुलाला ही मोठीच सोय. एसएससी जीडीत ८० प्रश्न, ६० मिनिटं, १६० गुण, चुकीला पाव गुण वजा. पेपर मराठीतूनही देता येतो, पण २० प्रश्न हिंदी किंवा इंग्रजी भाषेचेच असतात. तिथेच बरेच जण अडकतात.

पैशाचा हिशेब नीट करा. अग्निवीरचं वेतन पहिल्या वर्षी महिना ३०,००० दिसतं, पण ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, हातात २१,०००. चार वर्षांत तुमचे ५.०२ लाख, सरकारचे तेवढेच, वर व्याज. ही रक्कम करमुक्त. पेन्शन, ग्रॅच्युइटी नाही, आणि नियमित सेवेत जास्तीत जास्त २५ टक्केच घेतले जातात. पोलीस शिपाई आणि एसएससी जीडी दोघांचं मूळ वेतन २१,७०० पासून, त्यावर भत्ते. नोकरी पूर्ण वयापर्यंतची.

म्हणून १८-१९ वय, अविवाहित, घरी लगेच जबाबदारी नाही, अशा मुलाने आधी अग्निवीर द्यावं. चार वर्षांनी बाहेर पडल्यावरही पोलिसचं वय शिल्लक राहतं. उलटा रस्ता मात्र बंद असतो. फक्त सेवेत असताना गणित आणि व्याकरण सोडू नका, कारण परतल्यावर माणूस धावण्यात नाही, लेखीत मागे पडतो. २२ पार असेल आणि घराजवळ राहायचं असेल तर सरळ पोलीस. शिपाई पदासाठी एकाच घटकात (एका जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात) अर्ज करता येतो, तेव्हा जिल्हा निवडण्याआधी आपल्या प्रवर्गाच्या जागा आणि तिथला मागचा कट ऑफ बघा. नॉन-क्रिमीलेअर दाखला जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीचाच हवा. जुन्या दाखल्यामुळे मैदान मारलेली मुलं कागदपत्र पडताळणीत बाहेर जातात.