शेतातलं हायड्रोजेल: सीताफळाच्या खड्ड्यात टाकून बघितलं

मागच्या जूनला सांगोल्याकडं आमच्या रानात सीताफळाची नवीन लागण केली तेव्हा कृषी सेवा केंद्रातून हायड्रोजेलची एक किलोची पिशवी आणली. पाणी शोषून फुगणारे, साखरेसारखे दाणे असतात बघा. पोटॅशियमवालंच घेतलं, कारण लहान पोरांच्या डायपरमध्ये याच जातीचं पण सोडियमवालं असतं, आणि आमच्या चोपण, म्हणजे आधीच सोडियम जास्त असलेल्या, रानाला आणखी सोडियम नकोच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल स्वतःच्या वजनाच्या ३५० पट पाणी धरतं म्हणतात, आमच्या पिशवीवर ४०० पट लिहिलेलं. पण कोणत्या पाण्यात ते कुठंच नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे.

म्हणून आधी घरीच बघितलं. दोन बरण्यांत एक-एक ग्रॅम, एकीत पावसाचं धरलेलं पाणी, दुसरीत बोअरचं. तासाभरानं फडक्यातून गाळून वजन केलं तर पावसाच्या पाण्यातलं ३०० ग्रॅमच्या आसपास आणि बोअरचं जेमतेम १००! या जेलच्या साखळ्यांवर ऋण भार असतो, त्या एकमेकींना ढकलतात, जाळी फुगते आणि पाणी आत शिरतं, पण बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्याच साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं मग फुगणार कशी. फुगलेल्या जेलवर चमचाभर मीठ टाकलं तर डोळ्यादेखत पाणी सुटून ते आकसलं. पोटॅशसारखी खतं पण क्षारच, त्यामुळं ती खड्ड्यात जेलसोबत टाकू नका.

पहिल्या दोन खड्ड्यांत हावरटपणानं मूठ-मूठ कोरडं टाकलं, पाऊस पडल्यावर माती फुगून रोपंच वर उचलली गेली. नंतर खड्ड्याला १० ग्रॅम, मुळांच्या खोलीवर मातीत नीट कालवून, वर उन्हात एक दाणा ठेवला नाही कारण उन्हानं ते लवकर खराब होतं.

ऑगस्टात पावसानं ओढ दिली तेव्हा फरक कळला, बिनजेलच्या ओळीतली रोपं दुपारी माना टाकत होती, जेलवाली दोन-तीन दिवस जास्त तग धरून राहिली. दोन-तीन दिवसच, पण टँकरची वाट बघताना तेवढे लय होतात. मोठ्या झाडांना मी घालणार नाही, नवीन रोपांना मात्र पैसे वसूल.

५ पैकी साडेतीन. यंदा डाळिंबाच्या पट्ट्यात परत वापरणार, फक्त दाणे आदल्या रात्री पावसाच्या पाण्यात भिजवून, पुढं बोअरच्या पाण्यानं थोडं आकसलं तरी मुळं धरेपर्यंतचा ओलावा मिळेल.