मेकाँगचा त्रिभुज प्रदेश: तिसरं भात की भातानंतर कोळंबी?

व्हिएतनामच्या दक्षिण टोकाला शेतकऱ्यापुढे आज दोन वाटा आहेत. पहिली आन जांग भागातली: उंच बांध घालून पुराचं पाणी अडवायचं आणि वर्षाला भाताची तीन पिकं घ्यायची. एकेकाळी अन्नटंचाई सोसलेला देश तांदळाचा मोठा निर्यातदार झाला, त्यात या बांधांचा वाटा आहे. पण पुरासोबत येणारा गाळही बांधाबाहेरच अडतो. मग जमिनीचा कस खताच्या गोणीतून भरून काढावा लागतो. त्यात मेकाँग नदीच्या वरच्या अंगाला चीन आणि लाओसमध्ये बांधलेल्या धरणांमुळे गाळ आधीच आटलाय.

दुसरी वाट किनाऱ्याजवळची, का माऊ आणि सोक ट्रांगकडची. शेताच्या कडेने चर खणलेला असतो. उन्हाळ्यात खारं पाणी आत घेऊन कोळंबी वाढवायची. पावसाने मीठ धुऊन गेलं की भात लावायचा. कीटकनाशक मारलं तर कोळंबी मरते, म्हणून फवारणी आपोआप कमी होते. २०१९ मध्ये जगातला सर्वोत्तम तांदूळ ठरलेला एसटी२५ हा वाण सोक ट्रांगचाच, आणि तो अशा शेतांतही पिकतो.

धोका इथेही आहेच. पाऊस लांबला की मीठ निघत नाही आणि भात हातचं जातं. तरीही किनारपट्टीपुरतं माझं मत कोळंबीकडे झुकतं. २०१७ च्या ठराव क्रमांक १२० मध्ये सरकारनेही खाऱ्या पाण्याला संपत्ती मानलंय. वरच्या गोड्या पाण्याच्या पट्ट्यात मात्र कोळंबी नको; तिथे तिसरं पीक सोडून पूर शेतात येऊ द्यावा.