मांजराच्या लघवीच्या वासावर एन्झाइमचा द्रव : चार महिन्यांच्या वापरानंतर

आमचा बोका सहा वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने लघवीसाठी ठेवलेला आपला ट्रे सोडून दिवाणावरच्या कापसाच्या गादीचा एक कोपरा धरला आणि दार उघडताच नाकाला झोंबेल असा दर्प घरभर भरून राहिला. गादी उन्हात टाकावी तर ऊनच नव्हते. तेव्हा मी एन्झाइमयुक्त द्रवाची पहिली बाटली आणली. पुढे दुसऱ्या कंपनीचीही वापरली. दोन्हींच्या परिणामात फरक आढळला नाही, म्हणून कंपनीविषयी न लिहिता या प्रकारच्या द्रवाविषयीच लिहिते.

त्याआधी आम्ही फिनेल वापरले आणि ती गंभीर चूक होती. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्ये शरीराबाहेर टाकणे फार जड जाते, आणि फरशीवरचे फिनेल पंजांना लागले की ते चाटून थेट त्याच्या पोटात जाते. डॉक्टरांनी ते त्याच दिवशी बंद करायला लावले. मांजर जवळ फिरकू नये म्हणून मिळणारा लिंबाच्या वासाचा फवाराही आणून पाहिला, पण बोक्याने तो कोपरा सोडून हातभर अलीकडची जागा धरली, एवढाच त्याचा उपयोग झाला.

लघवीतील युरिया पाण्याने धुऊन जातो, परंतु युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात सहसा विरघळत नाहीत. ते कापसात आणि लाकडात अडकून राहतात, आणि हवा दमट झाली की पुसून स्वच्छ वाटलेली जागा पुन्हा वास मारू लागते. आपल्याला तो जाणवेनासा झाला तरी मांजराला जाणवतोच, आणि तो त्याला पुन्हा त्याच जागी बोलावतो. एन्झाइम ही द्रव्ये मोडून टाकतात, वासावर नुसता दुसरा वास चढवत नाहीत.

मात्र हे काम सावकाश होते. पहिल्या वेळी मी चार फवारे मारून लगेच पुसून घेतले आणि पैसे वाया गेले असे समजले. मग गादीची शिवण उसवून पाहिली. खोळीवर तळहाताएवढा दिसणारा डाग आत कापसात जेवणाच्या ताटाएवढा पसरला होता आणि तिथला कापूस घट्ट होऊन त्याच्या गाठी झाल्या होत्या. तेव्हा जवळजवळ पूर्ण बाटली त्यावर ओतली, ओल टिकावी म्हणून वरून प्लॅस्टिक अंथरले, रात्रभर तसेच ठेवले आणि नंतर दोन दिवस पंख्याखाली वाळवले. पहिल्या दिवशी वास उलट वाढला, त्यामुळे मन खचले; तिसऱ्या दिवशी नाक टेकवूनही तो आला नाही. आधी साबण किंवा गरम पाणी लावू नये, कारण त्याने एन्झाइम निकामी होतात.

अर्धा लिटर द्रवासाठी सुमारे 600 रुपये पडले आणि एका गादीतच ते संपले, ही माझी मोठी तक्रार आहे. दुसरी तक्रार लॅव्हेंडरच्या भडक सुगंधाची आहे. ज्याच्या नाकासाठी हा सारा खटाटोप, त्याला तो नकोसा होतो, म्हणून बिनवासाची बाटली मिळाली तर तीच घ्यावी.

हा द्रव जुना माग पुसतो, मांजर तिथे का गेले हे मात्र आपल्यालाच शोधावे लागते. आमच्या बोक्याच्या मूत्राशयाला सूज होती, आणि त्याच सुमारास आम्ही त्याचा ट्रे वॉशिंग मशीनशेजारी हलवला होता. औषध सुरू केले, ट्रे जुन्या जागी नेला, शिवाय दुसरा ट्रे बेडरूममध्ये ठेवला, तेव्हा गादी सुटली. (बोका ट्रेमध्ये वारंवार बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग अडल्याची शक्यता असते, त्याला त्याच क्षणी डॉक्टरकडे न्यावे, सकाळची वाट पाहू नये.) नसबंदी न झालेला बोका शेपटी उभारून पडद्यावर फवारा मारत असेल, तर आधी नसबंदी करावी, नाहीतर बाटलीमागून बाटली संपत राहील.

पाचपैकी चार गुण देते. गादी आणि फरशी पूर्ण स्वच्छ झाली आहे. दिवाणाच्या लाकडी पायाच्या सांध्यात मात्र अजून किंचित वास आहे, आणि दुसऱ्या बाटलीतला उरलेला द्रव मी त्यासाठी राखून ठेवला आहे.