बर्फाळ रस्त्यासाठी पैसे कुठे घालावेत: फोर-व्हील ड्राइव्ह, विंटर टायर की साखळ्या?

पहिला बर्फ पडायच्या सुमारास सगळी चर्चा गाडीवरच येऊन थांबते. फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावी का? माझं मत आधीच सांगते: पैसे मोजके असतील तर आधी टायरवर घाला, ड्राइव्हचं नंतर बघा.

इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते की चार, हा फरक गाडी जागची हलताना आणि चढ चढताना जाणवतो. ब्रेक मात्र दोन्ही गाड्यांत चारही चाकांना असतात. थांबताना कामी येते ती रबराची पकडच, आणि वळणावरही मुख्य भिस्त तिच्यावरच. उलट फोर-व्हील गाडी आरामात वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. कळतं ते थेट ब्रेक दाबल्यावर. साध्या टायरवरची फोर-व्हील आणि चांगल्या विंटर टायरवरची फ्रंट-व्हील (जिच्यात ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते) अशा दोन किल्ल्या समोर ठेवल्या, तर मी दुसरी उचलेन. घर चढावर असेल आणि तिथला रस्ता सगळ्यात शेवटी साफ होत असेल, तर मात्र फोर-व्हीलचा हट्ट रास्त आहे. पण तोही विंटर टायरसकट.

आता टायर. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होत जातं. कडक झालेला खोडरबर कागदावर नुसता घसरतो, तसंच काहीसं. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली राहू लागलं की टायर बदला, असं सर्रास सांगितलं जातं ते यामुळेच. त्यासाठी बर्फ पडलेलाच हवा असं नाही. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि बर्फाला कडा रुतवतात. मोठ्या खाचांत बर्फ भरून बसतो, आणि बर्फ बर्फाला चांगला धरतो. त्यामुळे खाचा भरलेल्या दिसल्या म्हणून टायर निकामी झाला असं समजू नका.

ऑल-सीझन टायर म्हणजे तडजोड. वाईट नव्हे, पण तडजोडच. इथे घोटाळा होतो तो खुणांचा. टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असतं, पण तो उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. बघायची ती तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण, कारण ती बर्फावर चाचणी घेऊनच मिळते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेला टायर विंटर टायर म्हणून चालत नाही. मात्र ही चाचणी दाबलेल्या बर्फावरची असते. पाणी गोठून झालेल्या काचेसारख्या थरावर तो टायर कसा वागेल, याची हमी त्या खुणेत नाही.

मग कोणी काय घ्यावं? आठवडेच्या आठवडे पारा ७ अंशांच्या वर येत नसेल, तर विंटर टायरचा वेगळा संच. वर्षातून दोनदा अदलाबदल आणि टायर ठेवायला जागा, ही कटकट आहेच. पण एक संच धावतो तेव्हा दुसरा झिजत नाही, त्यामुळे खर्चाचा बराच भाग वसूल होतो. बर्फ अधूनमधून पडून दोन दिवसांत वितळत असेल, तर हिमकणाची खूण असलेले ऑल-सीझन पुरेत. पैसे वाचवायला दोनच विंटर टायर बसवायचा विचार मात्र सोडून द्या. फक्त पुढे बसवले तर ब्रेक दाबताच गाडीची शेपूट पुढे येऊ बघते.

जुने टायर घेत असाल तर बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. ३५२२ म्हणजे २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. खाचेची खोलीही मोजा. बऱ्याच देशांत कायदा १.६ मिलिमीटरवर समाधान मानतो, पण स्वीडनमध्ये हिवाळी परिस्थितीत ३ लागतात आणि ऑस्ट्रियात ४ च्या खाली गेलेला टायर विंटर टायर धरतच नाहीत. ऑस्ट्रियाचा आकडा मला जास्त पटतो. हवाही तपासत राहा. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने घटतो.

खिळ्यांचे टायर हा वेगळाच प्रांत. शून्याच्या आसपास ओलसर झालेल्या गोठलेल्या रस्त्यावर त्यांना तोड नाही, आणि सगळ्यात निसरडा रस्ता हाच असतो. पण कोरड्या डांबरावर ते आवाज करतात आणि रस्ता खरवडून धूळ उडवतात. या धुळीमुळेच जपानने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद केले. जर्मनीतही ते सर्वसाधारणपणे चालत नाहीत. महिनोन्‌महिने गोठलेल्या रस्त्यावरून जायचं असेल आणि कायदा परवानगी देत असेल, तरच घ्या.

राहिल्या साखळ्या, म्हणजे बर्फात पकड यावी म्हणून टायरभोवती चढवायच्या त्या. त्या टायरला पर्याय नाहीत. एखाद्या घाटापुरत्या असतात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना लावायच्या, म्हणजे फ्रंट-व्हील गाडीत पुढे. फोर-व्हीलला कुठे लावायच्या हे गाडीच्या पुस्तिकेतच बघा. काही गाड्यांत चाक आणि बॉडीमध्ये जागाच नसल्यामुळे साखळ्यांना मनाई असते. तिथे टायरवर चढवायचे कापडी मोजे मिळतात, पण उघड्या डांबरावर ते लवकर फाटतात. वेग साधारण ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवायचा, आणि रस्ता मोकळा दिसला की साखळ्या काढायच्या.

विकत घेतल्यावर त्या एकदा कोरड्यात, उजेडात, हातमोजे घालून चढवून बघा. मागची कडी चाकाआड आंधळेपणाने चाचपून अडकवावी लागते, आणि जाड हातमोज्यांत ती बोटांना लागतच नाही. म्हणून पातळ रबरी हातमोज्यांची जोडी पिशवीत साखळ्यांसोबतच ठेवा, गुडघ्याखाली घ्यायला चटईचा तुकडाही. चढवल्यावर थोडं अंतर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. पहिल्या खेपेला त्या हमखास सैल राहतात. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुऊन नीट वाळवा, नाहीतर रस्त्यावरच्या मिठाने गंजून पुढच्या हिवाळ्यात पिशवीतून एकच गुंता बाहेर येतो.